एनपास-४, चेतापेशी आणि मेंदूचे आजार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंडा, डिचोली, पेडणे इथल्या वाचनालयांत आणि शाळांत मेंदूविषयी बोलायला जाते, तेव्हा एनपास-४ या प्रथिनाचा विषय निघतोच. मग पुढे कितीतरी दिवस फोनवर प्रश्न येत राहतात. काही विद्यार्थ्यांचे असतात, बरेचसे घरात आजारी माणूस असलेल्यांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी जीवशास्त्र शिकवते, डॉक्टर नाही. इथलं वाचून कुणाच्याही गोळ्या बदलू नका.

१. एनपास-४ म्हणजे औषध, आजार की रक्ताची चाचणी?

तिन्ही नाही. आपल्या चेतापेशी स्वतः बनवतात असं ते एक प्रथिन आहे. माणसात त्याचं जनुक ११व्या गुणसूत्रावर असतं आणि त्यावरून ८०२ अमिनो आम्लांची साखळी तयार होते. हे प्रथिन पेशीच्या केंद्रकात जातं, एआरएनटी कुळातल्या एखाद्या प्रथिनाशी जोडी करतं, डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतं आणि तिथल्या जनुकांवरून आरएनए लिहिलं जाण्याचं काम सुरू करून देतं. अशा प्रथिनांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. आपल्या शरीरात ते शेकड्यांनी आहेत. एनपास-४चं वेगळेपण असं, की चेतापेशी कामाला लागली तरच ते बनतं आणि थोड्या वेळात नाहीसंही होतं.

२. जनुकं तर जन्मापासून तीच असतात. मग काही पाहिल्याने, शिकल्याने ती चालू कशी होतात?

जनुकं तीच राहतात, पण त्यातली कोणती कधी वाचली जातात हे क्षणाक्षणाला बदलतं. एका चेतापेशीने दुसरीला संदेश दिला की ग्लुटामेट बाहेर पडतं, पुढच्या पेशीच्या पडद्यातले मार्ग उघडतात आणि कॅल्शियम आत शिरतं. हे कॅल्शियमच खरा निरोप्या. ते आतल्या काही एन्झाइमांना जागं करतं आणि ती एन्झाइमं केंद्रकात आधीपासून बसलेल्या क्रेबसारख्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवतात. काही मिनिटांत पहिल्या फळीतली जनुकं वाचली जाऊ लागतात. एनपास-४ त्याच फळीतलं. त्याचा आरएनए साधारण अर्ध्या तासात भरतीला येतो, पाठोपाठ प्रथिन बनतं, आणि ते प्रथिन दुसऱ्या फळीतली जनुकं चालू करतं. दुसऱ्या फळीत काय काय असतं ते प्रश्न ४ मध्ये आहे.

हे सगळं कळायला सुरुवात झाली १९८०च्या दशकात. १९८४ मध्ये मायकेल ग्रीनबर्ग आणि एडवर्ड झिफ यांनी दाखवलं, की वाढीचे घटक मिळताच पेशीतलं सी-फॉस हे जनुक काही मिनिटांत चालू होतं. १९८७ मध्ये आकडी आणवलेल्या उंदरांच्या मेंदूत हेच सी-फॉस झपाट्याने वाढल्याचं दिसलं. तोवर जनुक म्हणजे वारसा आणि मेंदूचं काम म्हणजे वीज, असे दोन कप्पे मनात होते. विजेचा निरोप थेट जनुकांपर्यंत पोचतो हे त्या प्रयोगांनी दाखवलं. जीवशास्त्राच्या वर्गात मला सर्वांत जास्त आवडणारा धडा हाच, आणि मी तो कधीच घाईत उरकत नाही.

३. सी-फॉसच पुरे होतं की! एनपास-४ मध्ये नवीन काय?

सी-फॉस बऱ्याच कारणांनी जागं होतं. वाढीचे घटक, इजा, दाह, शिवाय मेंदूबाहेरच्याही कितीतरी पेशी. म्हणून ते दिसलं म्हणजे चेतापेशीने काम केलं, एवढं ठामपणे म्हणता येत नाही. एनपास-४ मुख्यतः चेतापेशींत सापडतं आणि तिथेही विजेच्या हालचालीमुळे आत आलेल्या कॅल्शियमलाच दाद देतं. वाढीच्या घटकांनी ते हलत नाही. यिंग्शी लिन आणि ग्रीनबर्ग यांच्या गटाने २००८ मध्ये ते पुढे आणलं, तेही याच निवडक वागण्यामुळे.

४. चालू झाल्यावर ते पेशीत नक्की करतं काय?

या पानावरचं सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर हेच, म्हणून थोडं सावकाश.

मेंदूत दोन प्रकारचे संदेश असतात : पेशीला पेटवणारे आणि तिला आवरणारे. आवरणारे बहुतेक गाबा नावाच्या रसायनातून जातात. दोन्हींचा तोल राहिला तर विचार सुसूत्र चालतो. पेटवणारे वरचढ झाले तर आकडी येऊ शकते. २००८च्या प्रयोगांत असं दिसलं, की उत्तेजक चेतापेशीतलं एनपास-४ घटवलं तर तिच्यावर येणारे आवरणारे जोड (एक पेशी दुसरीला संदेश देते ते सांधे) कमी होतात, वाढवलं तर वाढतात. म्हणजे जी पेशी जास्त पेटते, तीच स्वतःवर जास्त आवर मागवून घेते.

खाजन शेतीच्या बांधातलं मानस, म्हणजे पाण्याचं दार, ज्यांनी पाहिलंय त्यांना हे लगेच कळेल. भरतीचं पाणी चढलं की त्याच पाण्याच्या दाबाने दार लागतं आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. दार लावायला माणूस लागत नाही. एनपास-४ असंच, वाढलेल्या हालचालीच्याच जोरावर त्या हालचालीला बांध घालतं.

पण सरसकट सगळीकडे आवर वाढतो असंही नाही. २०१३ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतला आठवणी घडवणारा भाग) सीए-१ या तुकड्यात दिसलं, की एनपास-४मुळे पेशीच्या मुख्य देहावरचे आवरणारे जोड वाढतात आणि टोकाकडच्या फांद्यांवरचे कमी होतात. पेशीने बाहेर पाठवायच्या संदेशावर पहारा कडक होतो आणि बाहेरून येणाऱ्या नव्या संदेशांना वाट मोकळी राहते. देहावरच्या वाढीत बीडीएनएफ या दुसऱ्या फळीतल्या जनुकाचा हात आहे. २०१४ मध्ये आणखी एक कडी जुळली. आवरणाऱ्या चेतापेशींपैकी सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या पेशींत एनपास-४ वेगळीच जनुकं चालू करतं आणि त्या पेशींवरचे पेटवणारे जोड वाढवतं. ऐकायला उलट वाटतं. पण आवरणारी पेशी जास्त जागी झाली, तर एकूण जाळ्यावरचा आवर वाढतोच. एकच प्रथिन, पेशीगणिक निराळं काम, आणि दोन्हींचा रोख तोल सांभाळण्याकडे.

५. आठवणींशी याचा काय संबंध?

जवळचा. २०११ मध्ये हिप्पोकॅम्पसच्या सीए-३ भागातून एनपास-४ काढून टाकलेल्या उंदरांवर प्रयोग झाला. ज्या पिंजऱ्यात सौम्य झटका बसला, त्या जागेची दीर्घकाळची आठवण त्यांना नीट बनवता आली नाही. शेजारच्या सीए-१ भागातून काढल्यावर मात्र तसं झालं नाही.

२०२०चं काम मला त्याहून विचार करायला लावणारं वाटतं. एकाच आठवणीत सी-फॉस चालू झालेल्या पेशींचा एक गट आणि एनपास-४ चालू झालेल्यांचा दुसरा गट सापडला, आणि दोघांचं वागणं वेगळं निघालं. पहिला गट भीती पसरवत होता, दुसरा ती योग्य जागेपुरती ठेवत होता. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एखाद्या पोराला कुत्रा चावला, तर त्या कोपऱ्यापाशी बिचकणं ठीक. पण पुढे प्रत्येक बाजारात, प्रत्येक गर्दीत तो घामाघूम होऊ लागला तर ते दुखणं आहे. आघातानंतरच्या मानसिक त्रासात नेमका हा फरक पुसला जातो. प्रयोग उंदरांवरचा आहे, तेव्हा या पोरापर्यंतची उडी आपण जपूनच घ्यायची (प्रश्न १३ पाहा).

६. बाई, माझ्या भाच्याला फिट येतात. त्याच्यात एनपास-४ कमी असेल का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि विचारणाऱ्याचा आवाज ऐकला की घाईत उत्तर देववत नाही.

एनपास-४ अजिबात नसलेले उंदीर चुळबुळे, घाबरट असतात आणि त्यांना आकडी येते, हे खरं. त्यावरून तोल सांभाळायला ते हवं, एवढं सिद्ध होतं. फिट येणाऱ्या प्रत्येकात ते कमी आहे असं त्यावरून निघत नाही. फिटची कारणं पुष्कळ आहेत : जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणं, डोक्याला मार, मेंदूज्वर, पक्षाघात, गाठ, मेंदूतले जंतांचे कोष, सोडियम मार्गाच्या एससीएन-१-ए सारख्या जनुकातले बदल. कितीतरी जणांत कारण सापडतच नाही.

शिवाय मोजायचं कसं? एनपास-४ मेंदूतल्या पेशींच्या केंद्रकात, तेही थोडा वेळ असतं. रक्तात त्याची पातळी पाहून निदान करणारी चाचणी नाही. कुणी तशी विकत असेल तर पैसे देऊ नका. आणखी एक गुंता म्हणजे आकडी आल्यावर प्राण्यांच्या मेंदूत एनपास-४ उलट उसळतं. त्या वेळी ते मोजलं तर कारण दिसतंय की परिणाम, हे सांगता येणार नाही.

भाच्यासाठी कामाच्या गोष्टी साध्या आहेत. गोळी एकही दिवस चुकवायची नाही आणि स्वतःहून बंद करायची नाही. फिट कधी आली, किती वेळ राहिली याची नोंद वहीत ठेवायची, जमलं तर मोबाइलवर चित्रण करून ते डॉक्टरांना दाखवायचं. फिट पाच मिनिटांहून लांबली तर १०८ला फोन करायचा. तोंडात चमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात मेंदूविकार विभाग आहे, तिथे दाखवा.

७. डुकराचं मांस खाल्ल्याने मेंदूत जंत जातात आणि फिट येते, हे खरं का?

एनपास-४शी याचा संबंध नाही, पण गोव्यात हे विचारल्याशिवाय कार्यक्रम संपत नाही. कच्चट मांसातून पोटात पट्टकृमी होऊ शकतो. मेंदूतले कोष मात्र त्या कृमीची अंडी पोटात गेल्याने होतात, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, न धुतलेल्या भाजीत, हातांवर येतात. म्हणून शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. मांस पूर्ण शिजवा, कोशिंबिरीची भाजी नीट धुवा, हात साबणाने धुवा.

८. स्वमग्न मुलांत हे जनुक बिघडलेलं असतं का?

एकट्या एनपास-४च्या बिघाडाने होणारा, सर्वमान्य झालेला आजार माणसात नाही. मात्र कॅल्शियमपासून जनुकांपर्यंतच्या ज्या वाटेवर ते उभं आहे (प्रश्न २), तिच्यावरचे दुसरे दुवे तुटल्यावर काय होतं हे आपल्याला माणसांतच दिसलं आहे. कॅल्शियमचा मार्ग बनवणाऱ्या सीएसीएनए-१-सी या जनुकातल्या एका बदलाने टिमोथी सिंड्रोम होतो. त्यात हृदयाच्या ठोक्यांच्या गडबडीबरोबर स्वमग्नताही आढळते. क्रेबला मदत करणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातले बदल रुबिनस्टाइन-टेबी सिंड्रोमच्या मुळाशी असल्याचं १९९५ मध्ये कळलं. मेफ-२-सी या दुसऱ्या फॅक्टरची एक प्रत गेली तर बौद्धिक अक्षमता, आकडी आणि बोलण्यातली अडचण येते. डीएनएला चिकटणाऱ्या एमईसीपी-२चा रेट सिंड्रोमशी असलेला संबंध १९९९ मध्ये उलगडला. एनपास-४चा जोडीदार एआरएनटी-२ याच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर वेब-दत्तानी सिंड्रोम नावाचा फार दुर्मीळ, गंभीर आजार होतो.

हे सगळे मिळूनही स्वमग्न मुलांपैकी थोड्यांचंच कारण सांगतात. बहुतेकांत कितीतरी जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. आईने गरोदरपणी जास्त विचार केला, टीव्ही पाहिला, लस दिली, यातल्या कशानेही स्वमग्नता होत नाही. जनुक तपासणी करायची की नाही हे मुलाची एकूण लक्षणं पाहून डॉक्टर ठरवतील. तपासणीत नाव सापडलं नाही म्हणून स्पीच थेरपी, शाळेतली मदत थांबवू नका. लवकर सुरू केलेल्या मदतीचा उपयोग होतो.

९. ताण आणि नैराश्यात ते घटतं असं वाचलं. मग उपाय?

दीर्घकाळ ताण दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये ते घटल्याचं दिसलं आहे आणि त्यात ताणाच्या संप्रेरकांचा हात असावा असे पुरावे आहेत. जिवंत माणसाच्या मेंदूत ते मोजता येत नाही, त्यामुळे तुमचं नैराश्य यामुळेच आहे असं कुणीही सांगू शकणार नाही.

उपाय मात्र आहे, आणि त्याची परीक्षा आपल्या गोव्यातच झाली. संगथ या संस्थेने इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना भेटी द्यायला लावल्या. सुटून गेलेली रोजची कामं, भेटीगाठी हळूहळू परत सुरू करणं हा त्या भेटींचा गाभा. रुग्णांना फायदा झाला, आणि २०१७ मध्ये हा अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. हालचालीने एनपास-४ वाढतं आणि इथेही हालचालच आहे, म्हणून दोन्ही जोडण्याचा मोह मलाही होतो. पण तशी जोडणी कुणी सिद्ध केलेली नाही, आणि उपचार कामाला यायला तिची गरजही नाही. कुणाशी तरी आत्ताच बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. बांबोळीला मानसोपचार संस्थाही आहे.

१०. संमोहनाने हे जनुक चालू करता येईल का? आबे फारिया तर आपलेच ना!

आपलेच. १७५६ मध्ये कांदोळीत जन्मले, पॅरिसला जाऊन नावारूपाला आले, आणि पणजीत जुन्या सचिवालयाजवळ त्यांचा पुतळा आहे. संमोहनात कुठली अदृश्य शक्ती बाहेरून येत नाही, परिणाम समोरच्या माणसाच्या स्वतःच्या मनातून होतो, हे त्यांनी त्या काळात ठासून सांगितलं. याबद्दल त्यांचं मोठेपण मानावं तेवढं थोडं. पण संमोहनाने एनपास-४ वाढतं असं दाखवणारा पुरावा नाही. त्यांचं नाव घेऊन कुणी 'जीन ॲक्टिव्हेशन'चे वर्ग चालवत असेल तर जाऊ नका.

११. व्यसनात याचं काम चांगलं की वाईट?

दोन्ही शब्द बसत नाहीत. २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूतल्या न्यूक्लियस अकम्बन्स या भागातलं एनपास-४ काढल्यावर कोकेन आणि ते जिथे मिळालं ती जागा यांची सांगड कमी घट्ट बसली. आठवण घडवणारी यंत्रणा अमली पदार्थाचीही आठवण तितक्याच इमानाने घडवते. व्यसन सुटल्यावरही जुनी गल्ली, जुने सोबती दिसले की तल्लफ का उठते, हे समजायला याची मदत होते. घरच्यांनी त्याला इच्छाशक्तीचा अभाव म्हणून हिणवू नये.

१२. मेंदू कामाला लागला की डीएनए तुटतो म्हणे! मग जास्त अभ्यास केल्याने स्मृतिभ्रंश होईल का?

नाही होणार. पण बातमी खोटीही नाही. नवी जागा हुंगत फिरणाऱ्या उंदरांच्या चेतापेशींत डीएनएच्या दोन्ही धाग्यांना तात्पुरते छेद पडतात, हे २०१३ मध्ये दिसलं. २०१५ मध्ये कळलं, की पहिल्या फळीतली काही जनुकं झटपट चालू व्हायला असे छेद मदतच करतात, आणि त्या जनुकांत एनपास-४ही आहे. पेशी ते लगेच बुजवते. २०२३ मध्ये तर एनपास-४ स्वतः एनयूए-४ नावाच्या प्रथिनसंचाबरोबर अशा जागी बसून दुरुस्ती घडवून आणतं असं आढळलं. या संचात बिघाड केलेल्या उंदरांत इजा साठत गेली आणि त्यांचं आयुष्य घटलं.

म्हणजे एकच प्रथिन जनुकं वाचायलाही लावतं आणि वाचताना झालेली मोडतोड निस्तरतंही. चेतापेशी बहुतेक जन्मभर त्याच राहतात, त्यामुळे ही दुरुस्ती म्हातारपणी कमी पडत असेल का, हा रास्त प्रश्न आहे आणि त्यावर शोध चालू आहे. अभ्यास टाळून मेंदू वाचतो असं यातून अजिबात निघत नाही. उलट शिक्षणाचा अभाव, बहिरेपणावर उपाय न करणं, रक्तदाब, मधुमेह, तंबाखू हे स्मृतिभ्रंशाचे ओळखीचे धोके आहेत. घरात आधीच असा रुग्ण असेल तर त्याला सांभाळणाऱ्या सुनेची, लेकीचीही विचारपूस करा. आजार समजावून सांगायला आणि मदत करायला घरी येणारा प्रशिक्षित माणूस मिळाला तर सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा भार हलका होतो, हे २००८ मध्ये गोव्यातल्याच घरांत तपासून दाखवलं गेलं आहे.

१३. सगळं उंदरांवरच! माणसाला ते लागू होतं कशावरून?

एनपास-४चं जनुक उंदरात आणि माणसात बरंच सारखं आहे, आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी चेतापेशींनाही उत्तेजन दिल्यावर ते चालू होतं. पण फरकही आहेत. ऑस्टिओक्रिन हे मूळचं हाडं-स्नायूंतलं जनुक माकडांच्या आणि माणसांच्या चेतापेशींत कामामुळे चालू होतं, उंदरांच्या नाही, असं २०१६ मध्ये दिसलं. आपल्या वंशात त्याच्याजवळच्या डीएनएत मेफ-२ला बसायला जागा तयार झाली होती. फॅक्टर जुनेच राहून ते कोणती जनुकं हलवतात एवढंच बदलू शकतं. म्हणून उंदरातला निष्कर्ष ही सुरुवात मानायची.

१४. शिक्षक म्हणतात आधी आरएनए, मग प्रथिन. पण एनपास-४चा आरएनए पेशीत आधीच असतो असं वाचलं. खरं काय?

शिक्षकही बरोबर आणि तुम्हीही. पेशीने स्वतः जोरात संदेश सोडला तर केंद्रकात नवा आरएनए लिहिला जातो, प्रश्न २ मध्ये सांगितलं तसाच. पण २०१९ मध्ये सापडलं, की थोडा आरएनए फांद्यांत आधीच ठेवलेला असतो. फांदीवर नुसते संदेश आले तरी त्यावरून तिथल्या तिथे प्रथिन बनतं आणि केंद्रकाकडे प्रवास करतं. दोन वाटांनी आलेलं एनपास-४ एआरएनटी कुळातले वेगवेगळे जोडीदार निवडतं, त्यामुळे डीएनएवर बसायच्या जागाही बदलतात. निरोप कुठून आला हे केंद्रकाला अशा रीतीने कळतं.

१५. मग ते वाढवणारी गोळी, पावडर, काढा?

नाही. परीक्षेच्या दिवसांत 'मेमरी जीन'च्या नावाने बाटल्या विकल्या जातात, त्यांचा मला मनापासून राग येतो, कारण घेणारे बहुतेक वेळा पोटाला चिमटा काढून घेतात. एनपास-४ योग्य पेशीत, योग्य वेळी, थोडा वेळ असावं लागतं. सगळीकडे सतत वाढवून काय होईल याचा अंदाज प्रश्न ४ आणि ११ वाचून तुम्हीच करू शकाल. प्रथिन तोंडावाटे घेतलं तर पोटात पचून जाईल, हे वेगळंच.

१६. मला यावर संशोधन करायचंय. गोव्यातून सुरुवात होईल का?

होईल. बारावीला जीवशास्त्राबरोबर गणित सोडू नका, पुढे त्याची सतत गरज लागते. ताळगावच्या पठारावर गोवा विद्यापीठ आहे, झुआरीनगरला बिट्सचा परिसर आहे. पुढे बंगळुरूचं एनसीबीएस आणि निम्हान्स, मानेसरचं एनबीआरसी, मुंबईचं टीआयएफआर इथे मेंदूवर काम चालतं. उन्हाळी प्रशिक्षणासाठी या संस्थांच्या सूचना वेळेवर पाहत जा. अर्ज मराठीतून विचार करून लिहिला तरी चालतो, मग इंग्रजी सुधारून घेता येतं. अडलं तर मला पाठवा, मी वाचून देते.